मदत हवी: जुन्या टर्बो पेट्रोल गाडीला कोणता बूस्ट कंट्रोलर (टर्बोच्या हवेचा दाब, म्हणजे बूस्ट, सांभाळणारा) लावू?

नमस्कार राजेहो. मी पांढरकवड्याजवळच्या खेड्यातला. दोन वर्षांपासून जुनी 1.8 लिटर टर्बो पेट्रोल सेडान आहे, जीव आहे गाडीवर.

दिवाळीत एका मिस्त्रीनं कंपनीचा बूस्ट सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) बाजूला काढून नळीत टी टाकली अन् नळीतली थोडी हवा बाहेर सोडणारा, पितळी स्क्रूचा ब्लीड व्हॉल्व्ह बसवला. पिकअप वाढला खरा. पण आता गेजचा काटा तिसऱ्या गिअरला 0.7 बार, तर पाचव्याला थेट 1.1. सकाळी एक, दुपारी दुसरंच. परवा आईला दवाखान्यात नेत होतो. घाटंजी रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉलीला ओव्हरटेक करताना गाडी लिंप मोडमध्ये गेली (इंजिन वाचवायला गाडी स्वतःच ताकद कमी करते तो), ताकदच संपली, अन् समोरून एसटी. कशीबशी मागे घेतली. चावी बंद करून परत फिरवली तेव्हा गाडी ओढायला लागली. आई घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

हा व्हॉल्व्ह काढणारच. पण त्याजागी बॉल-स्प्रिंगवाला (आत गोळी अन् स्प्रिंग असलेला) मॅन्युअल घेऊ की इलेक्ट्रॉनिक? इलेक्ट्रॉनिक महाग, अन् गाडीच्या कॉम्प्युटरचं सेटिंग (मॅपिंग) करणारा इकडं कोणी नाही. पेट्रोल साधंच, मे महिन्यात 45 अंश ऊन. मला 1.1 नकोच, काटा 0.7 वर स्थिर राहिला तरी पुरे.

प्रतिसाद:
भाऊ, 0.7 च हवं असेल तर कंपनीचा सोलेनॉइडच परत बसवा. तो ईसीयूच्या (गाडीच्या कॉम्प्युटरच्या) ताब्यात असतो. नॉकिंग (इंधन अवेळी पेटून इंजिनात ठोके) झालं, हवा तापली, तर बूस्ट कमी करणं त्यालाच जमतं. बॉल-स्प्रिंगला उन्हाचं काही कळत नाही. तरी घेतलाच, तर वेस्टगेटकडच्या (जादा धूर टर्बोला टाळून सोडणाऱ्या झडपेकडच्या) बाजूला बारीक छिद्र आहे ना ते पाहा. छिद्र नसेल तर गोळी बसल्यावर नळीतला दाब अडकून राहतो अन् वेस्टगेट उघडाच राहतो. सुरुवात स्क्रू पूर्ण सैल ठेवून, मग पाव-पाव फेरा. अन् वेस्टगेट उघडणाऱ्या ॲक्च्युएटरच्या स्प्रिंगपेक्षा कमी बूस्ट कोणताच कंट्रोलर देत नाही. पण आधी नळ्या तपासा, टर्बोजवळचं रबर उष्णतेनं तडकतं.

धागाकर्ता:
आत्ताच पाहिलं भाऊ. ॲक्च्युएटरच्या टोकाशी नळी वाकवली तर नखाएवढी चीर उघडली. जुना सोलेनॉइड घरीच आहे, उद्या बसवतो. इथल्या दुकानात डिझेल रिटर्नची नळी मिळते, ती चालेल का सिलिकॉनचीच लागते?