आडवी बाटली: निम्म्या मतांचा हिशेब नेमका कसा धरतात?

प्रश्न
आमच्या गावात एसटी थांब्याला लागूनच परवाना असलेले देशी दारूचे दुकान आहे. शाळा सुटल्यावर वाड्यावस्त्यांवर परतणाऱ्या मुली त्या थांब्यावर उभ्या न राहता पुढच्या पुलापर्यंत चालत जातात आणि तिथे हात दाखवून गाडी थांबवतात. बचत गटाच्या बैठकीत हे दुकान महिलांच्या मतदानाने बंद करण्याचा विषय निघाला तो यावरूनच. मतपत्रिकेवर आडवी बाटली म्हणजे दुकान बंद आणि उभी बाटली म्हणजे दुकान चालू. मतदानाच्या मागणीसाठी लागणाऱ्या एक चतुर्थांश महिला मतदारांच्या सह्या जवळपास पूर्ण झाल्या आहेत. पुढे मतदानात झालेल्या मतांच्या निम्मी मते लागतात, की यादीतील सर्व महिलांच्या निम्मी? ज्या भगिनींनी हे काम केले आहे, त्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद: बचत गट कार्यकर्ती
ताई, यादीतील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. २००८ च्या शासन आदेशात तशीच तरतूद आहे आणि बहुतेक गावे इथेच अडतात. समजा, यादीत १,००० महिला आहेत, त्यांतील ६०० मतदानाला आल्या आणि ४९० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तरीही दुकान चालूच राहते. घरी राहिलेली प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूने मोजली जाते. आम्ही पहिल्या वेळी असेच हरलो. सासरी गेलेल्या मुली आणि मयत झालेल्या म्हाताऱ्या यांची नावे यादीत तशीच होती, आणि ऊसतोडीला गेलेल्या बायका मतदानाला येऊ शकल्या नाहीत. म्हणून आधी यादी दुरुस्त करून घ्या. मतपत्रिकेचा सरावही घरोघरी करून घ्या. आमच्या एका आजींनी ‘उभी म्हणजे आपली बाजू’ असे समजून उभ्या बाटलीवर शिक्का मारला आणि बाहेर येऊन त्या रडल्या.

प्रतिसाद: गडचिरोलीकर
आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ रोजी आली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. या अनुभवावरून सांगतो: मतदानाने फक्त परवान्याचे दुकान बंद होते. दुसऱ्याच दिवशी कोणीतरी घरातून विक्री सुरू करतो, आणि त्याच्याकडून दारूबंदी कायद्याच्या कलम ९३ खाली चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घ्यावे, यासाठी बायकांना पुन्हा पुन्हा खेटे घालावे लागतात. तरीही दुकान हटवाच, कारण भर रस्त्यावरचे दुकान साऱ्या गावाची वाट अडवते. आदिवासी कुटुंब पूजेत देवाला मोहाची दारू वाहते, ती गोष्ट मात्र निराळी आहे. तिची आणि गल्ल्यावरच्या विक्रीची गल्लत करू नये.

प्रतिसाद: निवृत्त आरोग्यसेवक
एक गोष्ट तातडीची आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार घडतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. दुकान बंद होण्यापूर्वी अशा माणसांची घरे हेरून ठेवा आणि त्यांना रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू सोडायला लावा. शिवाय सगळा भार बायकांवरच का? निवडणुकीच्या आदल्या रात्री बाटल्या वाटणारे आणि हळदीला पेट्या उतरवणारे पुरुषच असतात. त्यांच्याकडूनही ग्रामसभेत उघड शब्द घ्या.

मूळ प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. सह्या पुढे पाठवण्याआधी रविवारी मंदिरात मतदार यादी मोठ्याने वाचायची, असे आम्ही आजच ठरवले आहे.