मदत हवी आहे: नवा सर्व्हर लिनक्स टाकताना हँग होतोय

घाईगडबड
नवीन सर्व्हर आलाय. इन्स्टॉलरचा मेनू व्यवस्थित येतो, पण 'इन्स्टॉल' निवडलं की पडदा काळा. वर डाव्या कोपऱ्यात कर्सर, तोही लुकलुकत नाही. बराच वेळ तसंच ठेवून पाहिलं. बूटच्या ओळीत नोमोडसेट हा पर्याय घालून झालं, फरक शून्य. जुन्या मशीनवर हीच आयएसओ (इन्स्टॉलरची फाईल) मुकाट चालते. सोमवारी मशीन द्यायचंय. 'गूगल करा' असं कृपया सांगू नका.

रात्रपाळी
कुठलं लिनक्स? कितवी आवृत्ती? डिस्क रेड कार्डामागे (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड) आहेत की थेट? बूट यूईएफआयने (नव्या पद्धतीच्या फर्मवेअरने) की जुन्या बायोस मोडने? एवढं गाळून उत्तर मागणं म्हणजे फोनवरून ताप मोजायला सांगणं.

पेंग्विनप्रेमी
अल्मालिनक्स 9 टाका, विषय संपला. सर्व्हरवर डेबियन चालवणाऱ्यांचं मला कायम नवल वाटत आलंय.

घाईगडबड
डेबियन 12, यूईएफआय. बाकी सगळं नेहमीचंच. अल्मा नको, आमचं सगळं डेबियनवर आहे.

जुनं खोड
नवं मशीन अडकलं की आधी रॅम बघायची. मेमटेस्ट86+ रात्रभर लावा, आवृत्ती 6 पासून ते यूईएफआयवरही चालतं. आणि एसीपीआय=ऑफ घालून बघा, म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) हार्डवेअरची माहिती आणि वीज सांभाळणारी ती व्यवस्था वापरणार नाही. आमच्या वेळी कितीतरी मशीनं तेवढ्यानेच उठायची.

रात्रपाळी
खोडसाहेब, रॅम खराब असती तर दर वेळी नेमकं त्याच जागी कशाला थांबलं असतं? कधी इथे, कधी तिथे पडलं असतं. आणि आजच्या बोर्डावर एसीपीआय बंद केलं तर कर्नलला बाकीचे कोअर सापडत नाहीत, इंटरप्टही (उपकरणांचे इशारे) धड पोचत नाहीत. एक अडचण सोडवायला चार नव्या. त्यापेक्षा बीएमसीचा (सर्व्हरवर दुरून देखरेख करू देणाऱ्या बोर्डावरच्या चिपचा) इव्हेंट लॉग उघडा. ईसीसीने (रॅममधल्या चुका पकडणाऱ्या सोयीने) काही चुका पकडल्या असतील तर बहुधा तिथे नोंद सापडेल.

जुनं खोड
निदानापुरतं म्हणालो मी. कायमचं बंद ठेवा असं कुठे लिहिलंय?

पेंग्विनप्रेमी
लॉगबिग बघण्यापेक्षा डिस्ट्रो बदला. परत सांगतोय.

रात्रपाळी
अल्मा 9 चं कर्नल 5.14, डेबियन 12 चं 6.1. नव्या बोर्डासाठी अजून जुनं कर्नल सुचवताय?

पेंग्विनप्रेमी
नुसत्या आकड्यावर जाऊ नका. रेड हॅट नव्या कर्नलमधले ड्रायव्हर त्याच 5.14 मध्ये आणून बसवतं, आणि अल्मात तेच येतं.

तळटीप
हार्डवेअर रेड कार्ड घेतलं असेल तर परत करा. लिनक्सचं स्वतःचं सॉफ्टवेअर रेड, म्हणजे एमडीअ‍ॅडम वापरा. कार्ड मेलं की तसलंच कार्ड शोधत फिरावं लागतं, एमडीअ‍ॅडमच्या डिस्क कुठल्याही लिनक्सवर उघडतात. फक्त ईएफआयचं (बूटच्या फायलींचं) पार्टिशन दोन्ही डिस्कवर वेगवेगळं ठेवा, नाहीतर नेमकी पहिली डिस्क गेली की मशीन बूटच होणार नाही.

घाईगडबड
रेडचं कुणी विचारलंय इथे? लॉग पाहिला, ईसीसीचं काही नाही.

शंकासुर
पडदा काळा झाला म्हणजे कर्नल मेलं असं नाही. ते बोलत असेल, पण तुम्ही बघताय त्या पडद्यावर नाही. स्क्रीन थेट जोडलाय की बीएमसीच्या रिमोट कन्सोलवर बघताय? आणि मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे का?

घाईगडबड
रिमोट कन्सोलच. मशीन दुसऱ्या इमारतीत बंद रॅकमध्ये आहे, तिथे स्क्रीन कोण नेऊन लावणार? ग्राफिक्स कार्ड आहेच की, दोन आहेत. गणनेसाठीच तर हा सर्व्हर घेतला.

शंकासुर
'आहेच की'! अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं.

फर्मवेअर मेनू सगळ्या पडद्यांवर दाखवू शकतं. कर्नल सुरुवातीला एकच फ्रेमबफर (पडद्यावरच्या चित्राची मेमरी) धरतं, आणि ते ग्राफिक्स कार्डाचं निघालं तर बीएमसीची व्हिडिओ चिप बिचारी काळीच राहते. रिमोट कन्सोल तिचंच चित्र दाखवतो. नोमोडसेटने इथे काही होणार नव्हतं. ते ग्राफिक्स ड्रायव्हरला मोड बदलू देत नाही, चित्र कुठे जाणार हे ठरवत नाही.

मेनूवर 'ई' दाबा. 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीतला 'क्वाएट' (संदेश दडवणारा शब्द) काढा आणि तीन डॅशच्या पुढे लिहा: कन्सोल=टीटीवाय0 कन्सोल=टीटीवायएस1,115200 (अर्थात रोमनमध्ये, त्यातला 'एस' तेवढा मोठा). एफ10 ने बूट करा. दुसरीकडे आयपीएमआयटूलमधून सीरियल ओव्हर लॅन (सीरियल पोर्टवरचा मजकूर नेटवर्कवरून दाखवणारी सोय) उघडून ठेवा. काही उमटलं नाही तर टीटीवायएस1 मधल्या 1 च्या जागी 0 घाला, बोर्डागणिक बदलतं.

घाईगडबड
आलं!! सीरियलवर भाषा निवडा म्हणून बसलंय. म्हणजे इतका वेळ हे चालूच होतं?

शंकासुर
तेच म्हणतोय. आता बायोसमध्ये प्रायमरी डिस्प्ले शोधा.

घाईगडबड
'ऑटो' होतं. 'ऑनबोर्ड' केलं, रिमोट कन्सोलवरही दिसायला लागलं. सीरियलची ओळ आता काढून टाकू का?

शंकासुर
राहू द्या. तीन डॅशच्या पुढे लिहिलेलं डेबियनचा इन्स्टॉलर नव्या सिस्टिमच्या ग्रबमध्येही (बूट करून देणाऱ्या प्रोग्राममध्ये) नेऊन ठेवतो. पुढे कार्डांचा ड्रायव्हर टाकताना पुन्हा काही बिनसलं तर आत शिरायला एक वाट उघडी.

तळटीप
मग रेडचं काय ठरलं?

घाईगडबड
एमडीअ‍ॅडम, एमडीअ‍ॅडम. खूश?

जुनं खोड
मशीन सोपवण्याआधी एक रात्र मेमटेस्ट लावाच.

रात्रपाळी
हे मात्र मान्य.