१९ किमीच्या जिवावर ४२ किमी पळालो. चुकलं का माझं?

फडके_रोड (धागाकर्ता)

रविवारी, २१ जानेवारी २०२४ ला, मुंबई मॅरेथॉनची फुल (४२.१९५ किमी) केली. ६ तास १० मिनिटं. पदक टीव्हीशेजारी लटकतंय आणि मी जिना पाठमोरा उतरतोय, कठडा धरून. सोमवारी, २२ ला, राज्य सरकारची सुट्टी होती म्हणून ऑफिसात अब्रू वाचली.

आता कबुली. नोंदणीला आधीच्या शर्यतीचं टायमिंग लागतं, ते माझ्याकडे होतं: फेब्रुवारी २०२३ ची एक हाफ (२१ किमी), २ तास २४ मिनिटं. मग पावसाळा, मग आईचं ऑपरेशन, मग दिवाळी. खरी तयारी अकरा आठवड्यांची. आठवड्यातून तीनदा, तीही रात्री नऊनंतर, डोंबिवलीत रिक्षा चुकवत. सगळ्यात लांब धाव १९ किमी, एकदाच. शहाणी माणसं शर्यतीआधी ३०-३२ ची एखादी तरी धाव करा म्हणतात हे मलाही माहीत होतं.

२८ किमीपर्यंत मजेत होतो. सी लिंकवर एरवी पायी कोणी सोडत नाही, तिथे उजाडताना पळायला मिळालं, पैसे तिथेच वसूल. परतताना प्रभादेवीच्या पुढे मांड्यांचे दगड झाले. पेडर रोडचा चढ टॅक्सीत बसून कधी जाणवलासुद्धा नव्हता, तो अख्खा चालत चढलो. एका आजींनी फुटपाथवर स्टूल टाकून संत्र्याच्या फोडी मांडल्या होत्या, शेजारी वाटीत मीठ. मी टेकायला लागलो तर ओरडल्या, "बसू नकोस रे, बसलास की उठणार नाहीस!" नाही बसलो.

माझं म्हणणं एवढंच: नोकरी-संसार सांभाळणाऱ्याने तयारी पूर्ण व्हायची वाट बघितली तर तो जन्मात फुल धावणार नाही. डोकं ठिकाणावर असेल तर अर्धवट तयारीनेही उतरावं. ग्रुपवर यावरून दोन दिवस शिव्या खातोय. तुम्ही काय म्हणता?

यवतेश्वर_घाट

अभिनंदन करणार नाही, राग मानू नका. सर्टिफिकेट फेब्रुवारीचं आणि पाय जानेवारीचे. नियमात बसलात, पण नियम कशासाठी आहे ते ओलांडूनच.

आमच्या साताऱ्याच्या हिल हाफला निम्मी शर्यत घाट चढण्यात जाते. "बघू, होईल" म्हणत आलेली मंडळी अर्ध्या घाटात कठड्यावर बसलेली दिसतात. मग त्यांच्यासाठी अँब्युलन्स अडकते आणि खरोखर कोणाला गरज पडली की ती दुसऱ्याच वळणावर असते. परवा मुंबईत याच शर्यतीत दोन धावपटू दगावले. त्याच आठवड्यात हा धागा काढावासा वाटला, कमाल आहे.

फडके_रोड

ते दोघं कमी तयारीचे होते असं कुठे आलंय? दुःखद आहेच, पण माझ्या मुद्द्याला ते जोडू नका. मी अँब्युलन्सही अडवली नाही. २८ व्या किलोमीटरला एक पेनकिलर घेतली, तेवढीच काय ती औषधपाण्याची मदत.

स्टेथोस्कोप

थांबा. पेनकिलर कोणती?

फडके_रोड

घरात होती ती. डायक्लोफेनॅक. त्यात काय एवढं ताई?

स्टेथोस्कोप

तयारी कमी असण्यापेक्षा मला ही गोळी जास्त खटकली. या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. तुम्ही कित्येक तास घाम गाळलेला, शरीरात पाणी कमी, वर स्नायू तुटून त्यातलं प्रथिन रक्तात उतरतंय आणि ते गाळायचं काम त्याच मूत्रपिंडाला. एखाद्या वेळी निभावतं, एखाद्या वेळी माणूस डायलिसिसवर जातो. लघवी कोकमाच्या रंगाची झाली होती का? झाली असेल तर इथे उत्तर लिहीत बसू नका, आधी डॉक्टरांकडे जा. नसेल तरी क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी) तपासून घ्या.

दुसरं. दम सहा-आठ आठवड्यांत सुधारतो. कंडरा आणि हाडांना महिने लागतात. त्यामुळे धाप लागत नाही म्हणून माणूस स्वतःला तयार समजतो आणि खाली पोटरीत काय शिजतंय ते त्याला कळत नाही. अकरा आठवडेवाले नेमके या फटीत सापडतात. ३० च्या आसपास स्नायूंतली साखरही संपत येते, दगड झाले म्हणता ते बरंचसं तेच.

आणि पाणी दिसेल तिथे पीत सुटणं हाही उपाय नव्हे. मागे राहणारे हळू धावणारे प्रत्येक स्टॉलवर बाटली रिचवतात, रक्तातलं सोडियम उतरतं आणि भ्रमल्यासारखे वागायला लागतात. आजींची मिठाची वाटी चांगली, पण तिच्यावर भिस्त नको.

कूर्मगती

सगळे मिळून गरिबाला झोडताय. मी तीन फुल केल्यात, तिन्ही चालत-धावत. जेफ गॅलोवे १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेला माणूस, आणि त्यानेच सामान्यांना धाव-चाल-धाव शिकवली. पण त्यात मेख अशी की चालायचं पहिल्या किलोमीटरपासून, पाय ताजे असताना. फडके, तुम्ही २८ पर्यंत मजेत पळालात हीच चूक. चार मिनिटं धाव, एक मिनिट चाल, असं सुरुवातीपासून केलं असतंत तर एवढ्याच तयारीत पेडर रोड हसत चढला असतात.

म्हणजे माझं मत: कमी तयारी चालेल, कमी तयारी लपवून पळणं चालणार नाही.

यवतेश्वर_घाट

मग त्याला मॅरेथॉन कशाला म्हणायचं? सिद्धिविनायकाची पदयात्रा म्हणा. आमच्या माण तालुक्यातली ललिता बाबर ओळीने तीन वर्षं मुंबईत भारतीय महिलांमध्ये पहिली आली. त्या अंतराचा मान ठेवून मेहनत केली तिने.

कूर्मगती

ललिता बाबर कुठे आणि आम्ही लोनवाले कुठे! आणि ४२.१९५ हा आकडा तरी काय वेदात आलाय? १९०८ ला लंडनमध्ये शर्यत विंडसरच्या किल्ल्यावरून सुरू करून राजघराण्याच्या कक्षासमोर संपवायची होती, म्हणून तेवढं अंतर भरलं. १९२१ ला ते कायम झालं. मान ठेवायचा तर स्वतःच्या गुडघ्यांचा ठेवा.

नुसता_प्रेक्षक

दरवर्षी शिवाजी पार्कपाशी बिस्किटं वाटतो. सात-आठ वाजता येणारे चांगले दिसतात. दहानंतर येणाऱ्यांचे चेहरे बघवत नाहीत. डोक्यावर ऊन, ओठ पांढरे, आणि आपण टाळ्या वाजवायच्या. कधी कधी वाटतं याला टाळी देऊ नये, टॅक्सी करून द्यावी.

फडके_रोड

क्रिएटिनिन १.१ आलं, म्हणजे नॉर्मल. लघवी रविवारी संध्याकाळी गडद होती, कोकमाइतकी नाही, आता साफ. ताई, गोळीबद्दल खरंच माहीत नव्हतं. ग्रुपवर निम्मे जण खिशात घेऊन पळतात, त्यांना तुमचा प्रतिसाद पाठवलाय.

यवतेश्वरराव, अँब्युलन्सचा मुद्दा मान्य. पण उतरलोच नसतो तर बरं, हे अजून मान्य नाही. आई आयसीयूत होती तेव्हा रात्री नऊची ती तासभर धाव सोडली तर माझं असं काही उरलं नव्हतं. ते कुठल्या तक्त्यात बसवू?

यवतेश्वर_घाट

हे आधी सांगायचंत. आई कशा आहेत आता?

फडके_रोड

बऱ्या आहेत. पदक त्यांनीच लावलंय टीव्हीशेजारी. नख काळं पडलंय ते बघून मात्र ओरडल्या.

पुढच्या वर्षी ३२ ची धाव करून मगच उतरेन. आता डोंबिवलीत ३२ किमी कुठे पळायचं तेवढं कोणीतरी सांगा.

कूर्मगती

कल्याण-शीळ रोड सोडून कुठेही.