प्रति: अंशाचा हजारावा भाग कुणाला हवाय?

भाऊ, ‘स्क्वीझ्ड’ नावाच्या खास प्रकाशाने तापमान अतिसूक्ष्म मोजण्याच्या गोष्टीवर तुम्ही ‘भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, तिथे अंशाचा हजारावा भाग कुणाला हवाय?’ असं विचारलंत. रावेरच्या केळीच्या रायपनिंग चेंबरला (केळी पिकवायच्या खोलीला) साधा सेन्सर पुरेसाच आहे. पण जिवंत पेशीचं तापमान मोजायचं तर जास्त प्रकाश टाकून चालत नाही, पेशीच तापते. तापमानाने प्रकाशाची फेज, म्हणजे लहरीचा टप्पा, सरकते, ती मोजायची. साध्या लेसरमधले फोटॉन (प्रकाशाचे कण) स्वतःच्या मर्जीने, अनियमित येतात, त्यामुळे मोजमापात गोंगाट होतो. अचूकता दहापट हवी तर फोटॉन शंभरपट लागतात. ‘स्क्वीझ्ड’ प्रकाशात हा गोंगाट फेजच्या बाजूने दाबतात. दुसऱ्या बाजूने तो वाढतो, पण ती बाजू आपण मोजतच नाही! किती सुंदर युक्ती आहे ही. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेत गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी २०१९ पासून ती नेमाने वापरतात. अडचण मात्र मोठी: वाटेत फोटॉन हरवले की फायदा झपाट्याने विरतो.