मदत हवी आहे: वाचनालय बंद होऊ नये म्हणून काउन्सिलपुढे प्रश्न कसा मांडावा?

नमस्कार मंडळी. लंडनमधल्या आमच्या बरोत (म्हणजे स्थानिक काउन्सिलच्या हद्दीत) वॉर्डातलं वाचनालय बंद करण्याचा प्रस्ताव आलाय. संध्याकाळी तिथे सोमाली, तमिळ, पोलिश, गुजराती घरांतली मुलं शेजारीशेजारी बसून अभ्यास करतात. घरी टेबल टाकायलाही जागा नसते. कितीतरी आज्या-आजोबांना काउन्सिलचे ऑनलाइन फॉर्म तिथेच कुणीतरी भरून देतं. जीव तुटतो हो हे पाहून.

१९६४ च्या ग्रंथालय कायद्यानुसार सर्वांना सर्वसमावेशक आणि कार्यक्षम सेवा देणं काउन्सिलवर बंधनकारक आहे. हा मुद्दा जाहीर सभेत मांडायचाय. सभेची विषयपत्रिका सहसा पाच कामकाजाचे दिवस आधी प्रसिद्ध होते, म्हणजे वेळ फार थोडा.

कुणी असा प्रश्न विचारलाय का? तो किती नेमका असावा? सह्यांचं निवेदन आधी द्यावं की आधी नगरसेवकांना भेटावं? या प्रस्तावावर लोकांचं मत मागवणारा सल्लामसलतीचा फॉर्म फक्त इंग्रजीत आहे. भाषांतर मागताना काय लिहिलंत?

आणि हो, इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही स्थानिक निवडणुकीत मत देता येतं. नाव नोंदवलं नसेल तर कृपया नोंदवा. नगरसेवकांकडे जाताना माझ्यासोबत कोण येईल?