धडाक्यात पदार्पण करणारे फलंदाज दुसऱ्या वर्षी का अडकतात?

मॅटवाला, जळगाव

मंडळी, आमच्या सरावाच्या नेटवर हा वाद रोज निघतो, म्हणून इथे मांडतो. एखादा पोरगा आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये येतो, आल्या आल्या शतक ठोकतो आणि दोन वर्षांत दिसेनासा होतो. मग आपण म्हणतो, नशीब फिरलं, राजकारण झालं, डोक्यात हवा गेली. मला हे पटत नाही. पहिल्या काही सामन्यांत गोलंदाज तुम्हाला ओळखत नसतात. नंतर ते व्हिडिओ बघतात आणि तुमची कच्ची बाजू हेरतात. ती बाजू तुम्ही पक्की करता की नाही, यावर पुढची दहा वर्षं ठरतात.

पृथ्वी शॉ घ्या. ऑक्टोबर 2018, राजकोट, वय 18, पहिल्याच कसोटीत 134. दोन वर्षांनी ॲडलेड. ऑस्ट्रेलियाच्या स्टार्कचा डावातला दुसराच चेंडू बॅटची आतली कड घेऊन स्टंपवर गेला. दुसऱ्या डावात कमिन्सने बॅट आणि पॅडच्या मधून दांडी उडवली. त्यांचा जुना कर्णधार रिकी पाँटिंगने तर पहिल्या डावात कॉमेंट्री करताना आधीच सांगितलं होतं की आत येणाऱ्या चेंडूला हा फट सोडतो. तो डाव व्हिडिओवर सावकाश करून बघा. बॅट सरळ मागे न जाता गलीच्या (स्लिपच्या बाजूच्या क्षेत्ररक्षकाच्या) दिशेने वर जाते, पुढचा पाय जागेवर राहतो आणि हात अंगापासून लांब जातात. राजकोटला चेंडू एवढा आत येत नव्हता, म्हणून तेव्हा कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. ॲडलेडनंतर शॉ एकही कसोटी खेळलेला नाही.

आता विराट कोहली. 2014 च्या इंग्लंड दौऱ्यात 10 डावांत 134 धावा. ऑफ स्टंपच्या बाहेर अँडरसन त्याला खेळवायचा आणि मागे झेल. तोच माणूस 2018 ला त्याच अँडरसनसमोर 593 धावा करून आला. मधल्या काळात त्याने उभं राहण्याची पद्धत बदलली, क्रीजच्या बाहेर येऊन खेळू लागला. दोघांच्या हातात गुण होते. मोडून पुन्हा उभारण्याचं काम एकाने केलं.

अमळनेरी

मॅटवाला भाऊ, तुमचं तंत्राचं ज्ञान मान्य, पण निष्कर्ष अजिबात मान्य नाही. दुरुस्तीला वेळ लागतो. तो वेळ देतं कोण?

करुण नायर, डिसेंबर 2016, चेन्नई, नाबाद 303. पुढच्या कसोटीत तो बाहेर! रहाणे दुखापतीतून परत आला म्हणून त्रिशतक करणारा माणूस बाकावर. नंतर ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन कसोटी मिळाल्या, त्यात चार डाव, आणि खेळ खलास. परत बोलावलं 2025 मध्ये. मधली आठ वर्षं त्याने कसली दुरुस्ती करायची होती ते सांगा.

विनोद कांबळीचं तर बोलूच नका. 17 कसोटी, 1084 धावा, सरासरी 54.20. फेब्रुवारी 1993 मध्ये वानखेडेवर 224, पुढच्याच महिन्यात दिल्लीत 227. शेवटची कसोटी खेळला तेव्हा वय 23. एवढ्या वयात आपल्याकडे पोरं एमपीएससीचा पहिला प्रयत्न देतात, आणि याची कारकीर्द संपवून टाकली.

आणि गावस्कर? 1971 ला वेस्ट इंडिजमध्ये पहिल्याच मालिकेत 774 धावा, चार शतकं. पाचवं शतक कधी आलं? 1974 ला, मँचेस्टरला. मध्ये दोन अख्ख्या मालिका शतकाविना गेल्या. त्याला कुणी काढलं नाही, म्हणून पुढे 34 शतकं आणि 10,122 धावा झाल्या.

मॅटवाला, जळगाव

गावस्करचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. शतकं थांबली होती, पण अर्धशतकं येत होती. नवा चेंडू खेळून काढायचं त्याचं काम चालूच होतं. अशा माणसाला कोण काढेल? कांबळीसमोर 1994 च्या शेवटी वेस्ट इंडिज आले. छातीवर, गळ्यावर येणारा चेंडू त्याला झेपेना हे सगळ्या जगाने पाहिलं. त्याआधीची दोन द्विशतकं बहुतेक फिरकी आणि मध्यमगतीवर झाली होती. नायरबद्दल मात्र तुमच्याशी वाद नाही, त्याच्यावर अन्याय झाला.

रेल्वे कॉलनी, भुसावळ

दोघंही कॅलेंडर विसरताय. विराटने 2014 ला ऑगस्टमध्ये मार खाल्ला आणि डिसेंबरमध्ये ॲडलेडला एकाच कसोटीत 115 आणि 141 केले. मध्ये मुंबईत तेंडुलकरसोबत बसून सराव केला. हा मधला अवकाश फार महत्त्वाचा. आजच्या पोराला तो कुठे आहे? कसोटी संपली की वनडे, ती संपली की ट्वेंटी-20, मग आयपीएलचे दोन महिने. नेटमध्ये चुकत चुकत नवीन सवय लावायची म्हणजे काही आठवडे बाद व्हायची तयारी हवी. आयपीएलमध्ये दोनदा लवकर बाद झालास की तिसऱ्या सामन्यात डगआउटमध्ये बसतोस. मग पोरगा म्हणतो, जे येतंय त्यावरच खेळतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

शहादेकर ताई

इथे सगळे पुरुषांचीच नावं घेताय म्हणून लिहिते. शेफाली वर्मा 15 वर्षांची असताना भारताकडून खेळली. 2021 ला ब्रिस्टलमध्ये पहिल्या कसोटीत 96 आणि 63. 2024 ला चेन्नईत 205. आणि त्याच वर्षी वनडे संघातून बाहेर! 2025 च्या विश्वचषकाच्या मूळ संघातही नव्हती. ती देशांतर्गत क्रिकेट खेळत होती. सलामीच्या प्रतीका रावलला दुखापत झाली, बोलावणं आलं, थेट उपांत्य सामना. तिथे लवकर बाद झाली. तरी अंतिम सामन्यात कर्णधाराने तिला सलामीला ठेवलं, आणि 2 नोव्हेंबरला नवी मुंबईत 87 धावा आणि दोन बळी!

अमळनेरी दादा, तिला वगळलं म्हणून ती घडली असं मी म्हणणार नाही. वगळलं तरी खेळायला मैदान होतं, सामने होते, हे महत्त्वाचं. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या मुलीला एकदा वगळलं की ती घरीच बसते. घरचे म्हणतात, झालं ना खेळून, आता बारावीचं बघ.

पारोळेकर

भो, तुमनं समदं खरं शे, पण एक गोष्ट राहिली. कपाशीची पहिली वेचणी जोरात निघते, बोंडअळी दिसते ती नंतरच्या वेचणीला. फवारणी मात्र आधीच करायची असते. यशस्वी जैस्वाल बघा. 2023 ला डॉमिनिकात पहिल्याच कसोटीत 171. 2024 ला इंग्लंडविरुद्ध 712 धावा, त्यात दोन द्विशतकं. मग नोव्हेंबरमध्ये पर्थ. पहिल्या डावात स्टार्कला ड्राइव्ह मारायला गेला आणि भोपळा. त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावात 161. दोन दिवसांत तंत्र बदलत नाही. त्याने चेंडू सोडायला सुरुवात केली, बस्स. मॅटवाला भाऊ म्हणतात तशी मोठी मोडतोड दर वेळी लागत नाही. कुठला फटका आज पेटीत ठेवायचा एवढं कळलं तरी भागतं.

मॅटवाला, जळगाव

पारोळेकर नाना, हे शंभर टक्के पटलं. इथेच आपल्या खान्देशच्या पोरांचं घोडं अडतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपला पोरगा मॅटवर, म्हणजे चटई अंथरलेल्या खेळपट्टीवर वाढतो, त्याआधी टेनिस बॉलवर. मॅटवर चेंडू एकसारखा उसळतो आणि छान बॅटवर येतो. जागेवर उभं राहून उसळीवर ड्राइव्ह मारला तरी चालतो. पाय न हलवता चौकार मिळतो, मग पाय कशाला हलवेल? चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत शतक मारतो, चौकात फ्लेक्स लागतो, नगरसेवकाचा फोटो त्याच्या फोटोपेक्षा मोठा. पुढच्या वर्षी पुण्याकडे निवड चाचणीला जातो. तिथे टर्फ, म्हणजे माती-गवताची खेळपट्टी, सकाळी ओलावा, चेंडू पडून थोडा थांबतो आणि किंचित हलतो. तोच ड्राइव्ह कव्हरच्या हातात. पोरगा घरी येऊन सांगतो, तिकडे वशिला चालतो. वशिला कुठे कुठे चालतही असेल, पण ज्या चेंडूवर तो बाद झाला तो मी पाहिलेला असतो.

मी आता नेटमध्ये मॅटखाली वाळू टाकतो, कडेला सुरकुती ठेवतो आणि अर्धा तास ड्राइव्ह बंद करतो. पोरं कुरकुरतात, पालक त्याहून जास्त.

अमळनेरी

सुरकुतीची कल्पना छान आहे, आमच्याकडेही करून बघतो. पण मूळ मुद्दा मी सोडणार नाही. रोहित शर्माने 2013 ला पहिल्या दोन कसोटींत 177 आणि नाबाद 111 केले. परदेशातलं पहिलं कसोटी शतक आलं 2021 मध्ये, ओव्हलला, 127. मधली किती वर्षं तो आत-बाहेर होता! एवढी वाट पाहिली म्हणून आपल्याला तो सलामीवीर मिळाला. शॉला पाच कसोटींत निकाल सांगितला, नायरला सहामध्ये. कच्ची बाजू तिघांचीही होती.

मॅटवाला, जळगाव

रोहितबद्दल मान्य. शॉबद्दल नाही. 2024 मध्ये मुंबईने त्याला रणजी संघातूनही बाहेर ठेवलं, तेव्हा सगळा दोष राष्ट्रीय निवड समितीला देता येत नाही. पण 2025 ला तो आपल्या महाराष्ट्राच्या संघात आला. केरळविरुद्ध पहिल्या डावात शून्य, दुसऱ्यात 75, मग चंडीगडविरुद्ध 222. आपल्या जळगाव-धुळ्याची पोरं ज्या संघात जायची स्वप्नं बघतात, तोच हा संघ. चंडीगडच्या डावाचे तुकडे बघितले. फटके डोळे दिपवणारे आहेत, पण पुढचा पाय अजूनही मला हवा तेवढा पुढे जाताना दिसला नाही. तुम्हाला दिसला असेल तर कुठल्या षटकात ते लिहा, मी बघतो.

अमळनेरी

222 केलेल्या माणसाचा पाय मोजत बसलात तर पुढचा नायर तुम्हीच घडवाल, भाऊ. त्याला आधी मोसमभर सलग खेळू द्या. षटक शोधून रात्री टाकतो.