शब्दचर्चा: 'हाय खाणे', 'धसका' आणि 'सायकोसोमॅटिक'

रामबागकर (इंदूर)
मंडळाच्या दिवाळी अंकात आरोग्यावर दोन पानं लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मनाच्या ताणानं शरीराला होणारे आजार हा विषय, आणि 'सायकोसोमॅटिक'पाशीच गाडी अडली. कोणी 'मनोकायिक' लिहितं, कोणी 'मनोशारीरिक'. इथले हिंदी पेपर 'मनोदैहिक' छापतात. कोणता घेऊ?

विषय घरातूनच निघाला. थोरले काका गेल्याचा फोन आला आणि तासाभरात आत्याच्या छातीत कळ. ईसीजी बिघडलेला, म्हणून रातोरात अँजिओग्राफी. रक्तवाहिन्या मात्र स्वच्छ. कागदावर 'टाकोत्सुबो' असं काहीतरी लिहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, "माताजी को सदमा लगा है." घरी आल्यावर शेजारच्या भाभीजी भेटायला आल्या, तर आत्या तिच्या हिंदीत सांगते, "हाय नहीं खाई मैंने, बस धसका लिया." भाभीजी हादरल्या. "किसकी हाय लगी, दीदी?"

आता 'हाय' आणि 'धसका' यांत नेमका फरक काय, तेही सांगा.

सराफ्यातली सून
भाभीजींची चूक नाही. हिंदीत 'हाय लगना' म्हणजे दुखावलेल्या माणसाचा तळतळाट लागणं. हाय दुसऱ्याची, भोग आपला. मराठीत हाय आपलीच, आणि ती आपण 'खातो'. 'नोकरी गेली आणि त्यानं हाय खाल्ली' म्हटलं की पुढे जेवण तुटणं, अंथरूण धरणं हे सगळं ऐकणाऱ्याला न सांगता कळतं. बहुधा माणूस त्यातून उठत नाही. एका शब्दाचा हा फरक मला सासरी येऊन वर्षभरानं कळला, तोवर मी दोन-तीन घरांत गोंधळ घालून झाले होते.

धसका वेगळा. छातीत 'धस्स' होतं त्यातलाच तो. एका क्षणात बसतो, पण घर करून राहतो: 'त्या अपघातापासून तिनं गाडीचा धसकाच घेतलाय.' आत्यांनी शब्द अगदी नेमका वापरला. हाय खाल्ली असती तर त्या भाभीजींशी बोलायला बसल्याच नसत्या.

व्याकरणाचा मास्तर
मूळ प्रश्नाकडे येतो. 'मनस्'च्या पुढे मृदू व्यंजन आलं की 'मनो' होतं: मनोरुग्ण, मनोबल, मनोविकार. कठोर व्यंजन आलं की विसर्ग राहतो: मनःस्थिती, मनःपूर्वक. म्हणून 'मनोदैहिक' शुद्ध. 'मनोकायिक' आणि 'मनोशारीरिक' अशुद्ध, त्यांचं 'मनःकायिक', 'मनःशारीरिक' व्हायला हवं. हिंदीवाल्यांचा शब्द बरोबर आहे हे कबूल करताना जरा जड जातंय.

अर्थात, 'मनोकामना'सुद्धा अशुद्धच आहे आणि ती सगळ्यांची पूर्ण होते.

मूळ शब्द ग्रीक. 'सायकी' म्हणजे श्वास, प्राण, पुढे मन. 'सोमा' म्हणजे देह. दोन्ही जोडून विशेषण चालवलं जर्मन डॉक्टर हाइनरोथ यांनी, १८१८ साली. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून 'आधि' होता. अमरकोशात आधि म्हणजे मानसी व्यथा, व्याधी म्हणजे रोग. आपण 'आधीव्याधी' असा जोडशब्द करून दोन्हींचा अर्थ 'दुखणीखुपणी' करून टाकला. 'आधिजन्य व्याधी' लिहिलंत तर मला आवडेल, पण वाचक 'आधी जन्मलेली व्याधी' असं वाचतील.

निवृत्त डॉक्टर
आत्याबाईंचा आजार खराखुरा आहे, हे लेखात आधी लिहा. 'टेन्शनमुळे झालंय' म्हटलं की घरचे 'म्हणजे काही नाहीच ना!' म्हणून मोकळे होतात. इकडे तर 'वहम' हा शब्द तयारच असतो. टाकोत्सुबोत अचानक बसलेल्या धक्क्यानं अ‍ॅड्रिनॅलिनसारखी द्रव्यं रक्तात उसळतात आणि हृदयाचा डावा कप्पा टोकाकडे फुग्यासारखा फुगतो; वरचा भाग अरुंद राहतो. लक्षणं हुबेहूब हार्ट अटॅकची. पाळी गेलेल्या बायकांत जास्त. जपानी डॉक्टरांनी १९९०मध्ये हे नाव दिलं. टाकोत्सुबो म्हणजे ऑक्टोपस पकडायचं मडकं. बहुतेक रुग्णांचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं, पण सुरुवातीचे दिवस जपावे लागतात.

कुढण्याची गोष्ट निराळी, ती सावकाश पोखरते. १९९५मध्ये अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला: स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची शुश्रूषा करणाऱ्या बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम केली. ती भरायला इतर बायकांपेक्षा सरासरी नऊ दिवस जास्त लागले.

आणि आपले वाक्प्रचार शरीरशास्त्र बरंच जाणतात. 'तोंडचं पाणी पळालं' हे अक्षरशः खरं आहे, भीतीनं लाळ आटते.

शंकेखोर
पण सगळंच मनावर ढकलू नका हो. पोटातला अल्सर म्हणजे काळजीचा आजार, असंच आम्ही लहानपणापासून ऐकलं. माझ्या वडिलांना 'चिंता सोडा, दूध प्या' एवढंच सांगत राहिले. १९८२मध्ये वॉरेन आणि मार्शल यांनी जठरात अल्सर घडवणारा जिवाणू शोधला, मार्शल तर १९८४ साली तो स्वतः पिऊन आजारी पडले. २००५चं नोबेल दोघांना मिळालं. वडील नुसतं दूधच पीत राहिले.

निवृत्त डॉक्टर
मान्य. म्हणूनच छातीत दुखलं की आधी तपासणी, धसका-बिसका नंतर. आत्याबाईंचीही अँजिओग्राफी करूनच ठरलं ना.

सराफ्यातली सून
अजून एक. इकडे 'जीव घाबरतोय' म्हणतात ते जपून वापरा. मराठीत 'जीव घाबरा होणं' म्हणजे कासावीस होणं. हिंदीत 'जी घबराना' म्हणजे मळमळणंसुद्धा. माझ्या सासूबाईंनी इथल्या डॉक्टरला "जी घबरा रहा है" सांगितलं, त्यानं उलटीचं औषध लिहून दिलं.

रामबागकर (इंदूर)
सर्वांचे आभार. मथळ्यात 'मनोदैहिक' ठेवतोय आणि आत 'हाय' नि 'धसका' दोन्ही. डॉक्टरसाहेबांचं आत्याला वाचून दाखवलं. ऑक्टोपसचं मडकं तिला फार आवडलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेय, "माझ्या हृदयाची सुरई झाली होती."

व्याकरणाचा मास्तर
सुरईची मान लांब असते. गळा आखूड, पोट मोठं, म्हणजे चंबू.

सराफ्यातली सून
तोंडाचा चंबू ऐकला होता!